‘विचार जिवंत राहिले’ याला पुनरुत्थान म्हणत नाहीत

ईस्टर जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: येशू कबरेतून उठला ही गोष्ट तीनशे वर्षांनी, इ.स. 325 मध्ये निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत घुसडली गेली, ती इजिप्तचा देव ओसिरिस आणि ग्रीक कथांमधला अदोनिस यांच्या कथांची नक्कल आहे, ईस्टर हे नावच मुळी बाबिलोनच्या इश्तार देवीचं, आणि तो देहाने उठला की नाही याने बिघडतं काय, त्याचे विचार जिवंत राहिले, तेच त्याचं पुनरुत्थान. यातली पहिली तीन विधानं खोडायला फार वेळ लागत नाही. चौथं गोड आहे, म्हणून जास्त घातक.

निकियाला भांडण होतं ते अरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून: पुत्र हा पित्यासारखाच सनातन देव, की पित्याने निर्माण केलेला? पुनरुत्थान दोन्ही बाजूंना मान्य होतं. ईस्टर कोणत्या दिवशी पाळायचा हाही प्रश्न तिथे सोडवला गेला, म्हणजे सण आधीपासून होताच. पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इ.स. 55 च्या सुमारास, वधस्तंभाच्या घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, आणि उठलेला येशू ज्यांना दिसला त्यांची नावं मोजतो: केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, येशूचा भाऊ याकोब. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही वर सांगतो. शोधून विचारा म्हटल्यासारखंच ते. केफा आणि याकोब यांना तो स्वतः यरुशलेमात भेटला होता.

नावाचं तर एका वाक्यात संपतं. ग्रीक आणि लॅटिनमध्ये या सणाला ‘पास्का’ म्हणतात, आणि तो शब्द यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा. ‘ईस्टर’ हे इंग्रजीतलं नाव, आणि इंग्रजी भाषा जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून सण चालू आहे.

ओसिरिसच्या कथेत त्याचा भाऊ सेत त्याचे तुकडे करतो, बायको इसिस ते जुळवते, आणि तो मृतांच्या लोकाचा राजा होतो. परत येत नाही. अदोनिस ऋतूंबरोबर जातो-येतो, दरवर्षी. येशूची गोष्ट वेगळ्याच जातीची आहे: रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात, एकदाच, आणि मागे रिकामी कबर. शिवाय कथा रचायचीच होती तर पहिल्या साक्षीदार म्हणून स्त्रिया कोण घालेल? बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये असं त्याच शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहून गेला आहे, आणि दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने नेमकी याच मुद्द्यावर टिंगल केली. तरीही चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, कबरेपाशी त्याची अनुयायी मग्दालीया मरीया आहेच. (कबरेपाशी देवदूत एक की दोन, यावर त्यांचं जमत नाही. ते लपवण्यात अर्थ नाही. संगनमत असतं तर आधी हेच जुळवून घेतलं असतं.)

एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. इतिहासाच्या साधनांनी तिथवर पोचता येत नाही. पण पहिल्या पिढीने काय मानलं, हे मात्र त्यातून स्पष्ट दिसतं.

आता ते ‘विचार जिवंत राहिले’. विचार सॉक्रेटिसचेही राहिले, म्हणून तो उठला असं कोणी म्हणत नाही. उठलेला येशू भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खातो, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला जखमांना हात लावायला सांगतो. आणि तरीही हा, येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजरासारखा, जुन्या आयुष्यात परतलेला नाही. लाजर पुढे पुन्हा मरणारच होता. हा देह तोच, पण मरणाच्या पलीकडे गेलेला. पौल बीजाचा दाखला देतो: पेरतो ते नाशवंत, उठतं ते अविनाशी. ख्रिस्ताला तो ‘प्रथमफळ’ म्हणतो. पहिली पेंढी घरी आली म्हणजे शेत उभं आहे आणि बाकीचं पीक यायचं आहे. पेंढीच खोटी असेल तर पिकाची वाट कशाच्या जोरावर बघायची? म्हणून तो स्वतःच बोलून टाकतो: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ, आणि आमच्याइतके कीव करण्याजोगे दुसरे कोणी नाहीत. ‘बिघडतं काय’ याला इतकं रोखठोक उत्तर त्यानंतर क्वचितच कोणी दिलं असेल.

खुद्द ख्रिस्ती माणसंही इथे घोटाळा करतात. आत्मा सुटला, स्वर्गात गेला, देहाचं काय ते मातीला, हीच आपली आशा असं कितीतरी जणांना वाटतं. मतांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, मात्र ‘देहाचे पुनरुत्थान’ असे शब्द आहेत. पौलाच्या लेखी मरण हा शेवटचा शत्रू आहे, सुटकेचं दार नव्हे. आणि शत्रूला हरवायचं असतं, त्याच्याशी जमवून घ्यायचं नसतं. म्हणूनच सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला ग्रीकमध्ये ‘निजायची जागा’ म्हटलं. सेमेटरी हा शब्द त्यातूनच आला. निजलेल्याला कुणीतरी उठवणार आहे, हे त्या नावातच धरलेलं आहे.

‘मग या जगाचं काय, परलोकाच्या आशेने माणूस हातावर हात ठेवून बसतो,’ असाही एक टोमणा त्या मजकुराच्या शेवटी असतो. पौलाचा अध्याय शेवटपर्यंत वाचला तर दिसतं की एवढं सगळं मरण-जीवनाचं सांगून झाल्यावर तो म्हणतो, तुमचे श्रम वाया जाणार नाहीत, कामात वाढत राहा. आणि पुढच्याच ओळीत विषय काढतो तो यरुशलेमातल्या गरजवंतांसाठी दर आठवड्याला बाजूला काढून ठेवायच्या वर्गणीचा.