उघडल्यावर कळेल

परवा गाडी घरी आली. रुमाल मात्र आला नाही. गाडीवर गेलेले पैसे मी यथावकाश विसरेन, परंतु तो रुमाल ज्या रीतीने माझ्या हातून गेला, ती रीत विसरणे या जन्मी तरी शक्य दिसत नाही.

मूळ घटना दोन ओळींची आहे. जूनमधील एका सकाळी पणजीहून फोंड्याला परतताना रस्त्याच्या खोलगट भागात पाणी साचले होते, पुढची बस निघून गेली म्हणून मीही गाडी घातली, आणि मध्यावर पोहोचताच इंजिन एकदाच खोकून बंद पडले. तिथे दरवर्षी पाणी साचते, दरवर्षी त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि तिथले गटार दरवर्षी पाऊस सुरू झाल्यानंतरच उपसले जाते. पण तो विषय काढला तर गाडी तिथेच राहील.

टो करून आणलेल्या गाडीचे बॉनेट उघडण्यापूर्वीच गॅरेजवाल्या मेस्तने निदान सांगून टाकले. "इंजिन काम आहे, सर. चारही पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, सगळे नवीन घालून इंजिन बांधून देतो. ६० ते ६५ हजार धरा."

"पण नेमके काय बिघडले आहे?"

"ते उघडल्यावर कळेल."

मी ३१ वर्षे बँकेत काढली आहेत. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, त्यावरील नावे, कुळाची नोंद आणि शक्य झाल्यास प्रत्यक्ष जागा पाहिल्याशिवाय मी कोणाला साधे कर्जही मंजूर केले नाही. इथे एक मनुष्य माझ्या इंजिनाला आजार ठरण्याआधीच शस्त्रक्रिया सुचवीत होता, आणि आजाराचे नाव विचारले तर पोट फाडल्यावर सांगतो म्हणत होता. एकदा सिलिंडरांवरचे झाकण, म्हणजे हेड, उतरवले की काही तपासण्या करताच येत नाहीत, कारण ज्या बंद जागेतील दाब मोजायचा ती जागाच उघडी पडलेली असते, एवढे मला वाचून माहीत होते. ते मी सौम्य शब्दांत सांगितले. मेस्तने माझ्याकडे, ग्राहक पासबुकातील व्याजाची बेरीज तपासू लागला की आम्ही काउंटरमागून जसे पाहत असू, तसे पाहिले.

याच सुमारास कोपऱ्यातील जुन्या टायरावर बसलेले एक गृहस्थ उठले. छत्रीची मूठ शर्टाच्या कॉलरला मागून अडकवलेली, हातात चहाचा पेला. त्यांचे स्वतःचे कोणतेही वाहन त्या गॅरेजात नव्हते, आणि मला नंतर समजले त्याप्रमाणे ते कधीच नसते. फेरीबोटीच्या इंजिनावर नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि सगळे त्यांना काका म्हणत होते.

"रुमाल आहे, सायब?"

मला वाटले, त्यांना घाम पुसायचा असेल. मी दिला. त्यांनी इंजिनातील ऑइल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढली, रुमालाने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली आणि टोकावरचा थेंब रुमालाच्या बरोबर मध्यभागी टेकवला. मग तो रुमाल बॉनेटवर चारही कोपरे नीट ताणून असा पसरला की पंचनाम्यातील मुद्देमालही त्यापुढे अस्ताव्यस्त वाटावा. थेंब काळा असायला हवा होता. तो दुधाचा चहा सांडावा तशा रंगाचा होता. सहा माणसे वाकून पाहू लागली. त्यांत टायरात हवा भरायला आलेला स्कूटरवाला होता, आणि ज्याची वाट पाहण्यात माझी सकाळ गेली होती तो विमा कंपनीचा सर्व्हेअरही नेमका तेव्हाच पोहोचला होता.

"ऑइलात पाणी," मेस्त विजयाने म्हणाला. "हेड गॅस्केट गेले. मी म्हटलेच."

त्याने तसे मुळीच म्हटले नव्हते; हेडखालच्या सांध्यातल्या त्या पॅकिंगचा त्याने उल्लेखही केला नव्हता. काकांनी रेडिएटरचे झाकण उघडून आत बोट घातले. पाणी काठोकाठ होते. "गॅस्केट फुटून इथले पाणी ऑइलात गेले असते, तर इथे कमी झाले असते. हे बाहेरचे पाणी. हवेच्या वाटेने सिलिंडरात आले आणि रिंगांच्या फटीतून खाली उतरले." मग माझ्याकडे वळून, सर्व्हेअरला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारले, "बंद पडल्यावर चावी किती वेळा फिरवली, सायब?"

"एकदाही नाही," मी म्हणालो.

खरे सांगायचे तर चार वेळा फिरवली होती, आणि तिसऱ्या वेळी इंजिन क्षणभर सुरू होऊन विचित्र आवाजही झाला होता. परंतु साध्या विमा पॉलिसीत पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत झालेले नुकसान हे परिणामी नुकसान म्हणून वगळतात. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते, आणि तो जादा हप्ता मी मोठ्या हुशारीने वाचवला होता.

"तुमची फेरीबोट डिझेलवर चालत होती, ही पेट्रोलची गाडी आहे," मी विषय बदलण्यासाठी म्हणालो.

"हवा दाबली की दाबते. पाणी दाबत नाही, डिझेलात नाही नि पेट्रोलातही नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग पिस्टनला ढकलणारा रॉड वाकतो. त्याला तरी दुसरे काय करता येणार?"

नाइलाजाने मेस्तने चारही स्पार्क प्लग काढले आणि इंजिन पान्याने हळूहळू फिरवले, तेव्हा तिसऱ्या भोकातून चूळ भरल्यासारखे पाणी बाहेर आले. सगळे पाणी झटकून झाल्यावर त्याने दाबाचा गेज आणला, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायला पोराला बसवले आणि स्टार्टर मारला. पहिला सिलिंडर १७५ पीएसआय, दुसरा १७०, चौथा १७२, तिसरा १२०. मेस्त म्हणाला, रिंगा. काकांनी तिसऱ्यात चमचाभर ऑइल ओतायला लावले, कारण रिंगा झिजल्या असतील तर ऑइल ती फट तात्पुरती बुजवते आणि दाब चढतो. काटा जेमतेम हलला. मेस्त म्हणाला, मग व्हॉल्व्ह.

इथे काकांनी खाली बसकण मारून आम्हाला खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातील, मानशीची गोष्ट सांगितली. मानस म्हणजे बांधातील पाण्याची वाट. भरती आली की मानशीचे दार पाण्याच्याच रेट्याने आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. दारात काटकी अडकली तर भरतीचे खारे पाणी शेतात शिरते आणि त्याचा आवाज बांधावरही ऐकू येतो. व्हॉल्व्हचेही तसेच. पिस्टन वरच्या टोकाला आणून, इंजिन फिरू नये म्हणून अडवून, तिसऱ्या सिलिंडरात कॉम्प्रेसरची हवा सोडली गेली आणि आम्ही सगळे आळीपाळीने कान लावत फिरलो. सायलेन्सरमधून सुसाट आवाज आला असता तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, हवेच्या नळीतून आला असता तर दुसरा, ऑइलच्या तोंडातून आला असता तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले असते तर गॅस्केट. एका बँक अधिकाऱ्याने भर रस्त्यालगत आपल्याच गाडीच्या सायलेन्सरला कान लावून ओणवे राहणे यात काय शोभा आहे ते मी सांगत नाही. समोरून माझे एक जुने खातेदार गेले आणि त्यांनी हात केला, एवढे पुरे. आवाज कुठूनच आला नाही. मानशी शाबूत होत्या.

"सगळे मिटलेले आहे आणि तरी दाब कमी," काका म्हणाले, "म्हणजे पिस्टनच वरपर्यंत पोहोचत नाही."

त्यांनी गॅरेजाच्या खराट्यातून माडाचे दोन हीर उपटले. चार सिलिंडरांत दुसरा आणि तिसरा पिस्टन एकाच वेळी वर येतात. दोन्ही वर आणून त्यांनी एकेक हीर प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवला, भोकाच्या कडेशी नखाने खूण केली आणि दोन्ही शेजारी धरले. तिसऱ्याची खूण तीन मिलिमीटर वर होती, म्हणजे तो हीर तेवढा अधिक खोल गेला होता. सर्व्हेअरने हिरांचे छायाचित्र काढले आणि कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिले. माझ्याकडे त्याने पाहिले नाही, हा त्याचा चांगुलपणा.

त्यानंतर ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडल्या गेल्या. तांब्याच्या रंगाचा एकही कण नव्हता, चुंबकालाही काही चिकटले नाही. बेअरिंगांनी कचरा टाकलेला दिसत नव्हता. इंजिन अखेर उघडले गेले, पण काय बदलायचे ते माहीत असताना. तिसरा रॉड दुसऱ्याशेजारी ठेवल्यावर नुसत्या डोळ्यांनाही वाकडा दिसत होता, सिलिंडरला ओरखडा नव्हता. एक रॉड, त्याची बेअरिंगे, हेड उतरवले म्हणून नवे गॅस्केट, ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून २३ हजार झाले. विम्याने त्यातील एक रुपयाही दिला नाही. मेस्त बिल देताना म्हणाला, "मी म्हटलेच होते, उघडल्यावर कळेल," आणि मी २३ हजार मोजत असल्यामुळे मला उत्तर सुचले नाही.

बिलात रुमालाचा उल्लेख नव्हता. परवा गाडी बाहेर काढताना शेजारी एक जीप उभी होती आणि काका तिची डिपस्टिक पुसत होते. कोपऱ्यात पत्नीने निळ्या दोऱ्याने विणलेले माझे आद्याक्षर मी ओळखले. रुमालावर आता पाच-सहा गाड्यांचे डाग होते, मध्यभागी माझा, सर्वांत फिकट. काकांनी जीपच्या मालकाला तो बोटाने दाखवला.

"हा पाहा, पाण्याचा. या सायबांनी चार वेळा चावी मारली होती."

चार हा आकडा त्यांना कोणी सांगितला, हे मी अजून शोधतो आहे.