‘गरिबीचं नाटक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. ‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो’ अशी तुम्ही सुरुवात केलीत, म्हणून काका म्हणते आहे. प्रतिक्रिया लांब आहे, तिखट आहे, आणि दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सोडून द्यावी अशी मुळीच नाही. त्यामुळे हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैत्रिणीबरोबर स्पेनमध्ये फिरले, सांतियागो या तीर्थक्षेत्राची वाट पायी चालले, त्यावर मी लेख लिहिले होते. काकांचं म्हणणं असं, की माझ्या त्या लेखांत नुसत्या तक्रारी आहेत. दुकानं बंद, संध्याकाळी जेवण मिळेना, भाजीत डुकराचं मांस, डॉर्ममध्ये घोरणारे. काका-काकू मागच्या वर्षी टूर कंपनीबरोबर जाऊन आले. त्यांना रोज सात वाजता गरम जेवण होतं, दोनदा वरणभातही होता. व्हिसा आणि विमानावर एवढा खर्च करायचा आणि तिथे जाऊन दहा युरोंच्या खाटेवर झोपायचं, हे ‘गरिबीचं नाटक’ झालं. देणगीवर चालणाऱ्या धर्मशाळेत राहणं म्हणजे गरजूच्या तोंडचा घास काढणं. मैत्रिणीचा फोन गेला तो तिच्या निष्काळजीपणामुळे. आणि जवळ रोख पैसे ठेवा हा माझा सल्ला ‘आमच्या आजीच्या काळातला’.

जेवणाच्या वेळेपासून सुरू करते, कारण आपल्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

लंडनजवळच्या ग्रीनिचची शून्य रेखांशाची रेषा स्पेनच्या पूर्व भागातून जाते. म्हणजे नकाशाप्रमाणे या देशाचं घड्याळ लंडनचं असायला हवं. पण १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं तासभर पुढे ढकलली, बर्लिनच्या वेळेला आणून ठेवली, आणि महायुद्ध संपलं तरी ती मागे आली नाहीत. उन्हाळ्यात जवळजवळ सगळ्या युरोपबरोबर त्यात आणखी एक तास वाढतो. त्यामुळे मे महिन्यात माद्रिदमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दोन वाजून गेलेले असतात. दोनला जेवणारा स्पॅनिश माणूस खरं तर भर माध्यान्हीला जेवतो आणि रात्री नऊचं त्याचं जेवण उन्हाच्या हिशेबाने सातचं असतं. तुमच्या कंपनीने हॉटेलला पैसे देऊन सातला स्वयंपाकघर उघडायला लावलं. ‘अख्खा हॉल आमचाच होता’ असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. काका, तो तुमचाच असणार! बाकीचं गाव त्या वेळी नुकतं फिरायला बाहेर पडलेलं होतं.

मी साडेसहाला भुकेने कळवळत बारमध्ये गेले आणि बटाट्याच्या वेफर्सवर संध्याकाळ काढली, हे लिहिलं ते खरं आहे. पण त्यात देशाबद्दलची तक्रार कुठे आहे? उलट त्या संध्याकाळनंतर आमचा खर्च निम्म्यावर आला, तो भाग तुमचा वाचायचा राहिला. स्पेनमध्ये पैसे वाचतात ते घड्याळ पाळल्याने. दुपारी ‘मेनू देल दिया’ म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण असतं: दोन वाढप, पाव, पेय आणि शेवटी काहीतरी गोड, हे सगळं बारा ते पंधरा युरोंत. १९६० च्या दशकात फ्रँकोच्याच राजवटीत पर्यटकांसाठी ही पद्धत सक्तीने सुरू झाली; आता तिथे बसलेले असतात ते ऑफिसमधले कारकून, गवंडी आणि बँकेतल्या बायका. दुपारी दोनला पोटभर, रात्री पाव-टोमॅटो आणि एखादं फळ. प्रादो संग्रहालय संध्याकाळी सहा ते आठ फुकट असतं, रविवारी पाच ते सात. त्या रांगेत माद्रिदचीच माणसं भरपूर होती. यात गरिबी कुठे आणि नाटक कुठे, मला खरंच कळलं नाही. तिथला पगारदार माणूस जसा दिवस काढतो तसा आम्ही काढला.

घड्याळाइतकाच कॅलेंडरनेही आम्हाला हिसका दाखवला, तो मात्र लेखात आला नव्हता. ग्रान्यॉन हे सांतियागोच्या वाटेवरचं ला रिओखा प्रांतातलं शेवटचं गाव. तिथून २३ एप्रिलला सकाळी निघालो आणि तासाभरात कास्तिया-लिओन प्रांतात शिरलो. आदल्या दिवशी सगळी दुकानं उघडी, आणि इथे एकामागून एक गावात शटर खाली. २३ एप्रिल हा कास्तिया-लिओनचा प्रांतदिन, पलीकडच्या ला रिओखात साधा कामाचा दिवस! स्पेनमध्ये प्रत्येक प्रांताच्या आपापल्या सुट्ट्या असतात, वर गावाच्या ग्रामदैवताची जत्रा वेगळी. सॅकमध्ये अर्धा पाव आणि चीजचा तुकडा होता म्हणून निभावलं. जाणाऱ्याने राष्ट्रीय सुट्ट्यांची यादी पाहून थांबू नये, वाटेवरच्या प्रत्येक प्रांताची पाहावी. हे तुमच्या गाइडला माहीत असणारच, पण त्याने ते तुम्हाला सांगायची वेळ कधी आली नसेल.

आता देणगीच्या धर्मशाळेचं. तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून इथे जरा थांबते.

सांतियागोच्या वाटेवर, म्हणजे ‘कामिनो’वर, यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळांना अल्बेर्गे म्हणतात. काही खासगी, काही गावच्या पालिकेच्या, काही चर्चच्या. यात्रेकरूचं ‘क्रेदेन्सियाल’, म्हणजे शिक्के मारून घ्यायचं पुस्तक, दाखवल्याशिवाय पालिकेच्या किंवा चर्चच्या अल्बेर्गेत खाट मिळत नाही. बहुतेक ठिकाणी आगाऊ आरक्षण नाही, एका रात्रीच्या वर राहता येत नाही, दहाला दिवे बंद आणि सकाळी आठच्या आत बाहेर. यातल्या थोड्या देणगीवर चालतात. ग्रान्यॉनचं त्यातलंच. चर्चच्या इमारतीत वर जमिनीवर गाद्या अंथरलेल्या, स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा, भांडी सगळ्यांनी मिळून घासायची. देणगीची पेटी उघडी असते, तिला कुलूप नाही. जमेल ते ठेवा, आणि अडचण असेल तर त्यातूनच लागेल ते घ्या, असा तिथला रिवाज.

काल आलेल्यांनी ठेवलेल्या पैशांतून आजची भाजी येते. आज आम्ही ठेवतो त्यातून उद्या येणारे जेवतात. तिथली व्यवस्था बघणारे ‘होस्पितालेरो’ बिनपगारी असतात. बरेचसे स्वतः ही वाट चाललेले असतात आणि पंधरा-पंधरा दिवस सेवेला येतात. आम्ही खासगी अल्बेर्गेत खाट आणि जेवणाचे जेवढे दिले असते तेवढे तिथे ठेवले, आणि मग कांदे चिरले. गरजूचा घास काढला म्हणायला तिथे कुणी उपाशी परत गेलेलं मी पाहिलं नाही. देणगी म्हणजे फुकट असं समजून दोन युरो टाकणारे आणि दुसऱ्या दिवशी महागडी वाइन पिणारे लोक मात्र असतात. त्यांच्यावर रागवा, मीही रागवते.

‘वारीत कुणी पेटी ठेवत नाही, वारी कर आधी’ असंही तुम्ही लिहिलंय. वारी करावी, दुमत नाही. पण ही तुलना फार ताणली की दोन्हीकडून फाटते. वारीला ठरलेली तिथी आहे, पालखी आहे, दिंडी आहे, म्हणायला अभंग आहेत. कामिनोवर तुम्ही कुठल्याही दिवशी, कुठूनही, एकट्याने निघता, आणि शेजारी चालणारा कदाचित देवही मानत नाही. २०२४ मध्ये सुमारे ५ लाख लोकांनी सांतियागोला पोचल्याची नोंद केली, त्यातले कित्येक फक्त चालायला आलेले.

मांसाबद्दल. शाकाहारी वाचकांना मी घाबरवते असं तुम्हाला वाटलं. मला ते सावध झालेले हवेत. स्पेनमध्ये हामोन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, अनेक ठिकाणी फोडणीच्या थाटात वापरतात. हिरव्या शेंगांच्या भाजीत त्याचे तुकडे, मसुरात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, कोर्दोबाच्या साल्मोरेखोवर, म्हणजे टोमॅटोच्या थंडगार सुपावर, अंड्याबरोबर त्याचाच चुरा. साध्या सॅलडमध्ये ट्यूना मासा. गालिसियाच्या पालेभाजीच्या सुपाला डुकराच्या चरबीचा वास. मायोर्का बेटाची एन्साइमादा दिसते गोड पाव, पण तिच्यात चरबी असते. तेव्हा नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, एकेक पदार्थाचं नाव घेऊन नको म्हणावं लागतं. एवढं केलं की खायला मिळतं, आणि चांगलं मिळतं: पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, वांगं-ढोबळी मिरची-टोमॅटोचं पिस्तो, सेव्हिलचा पालक-हरभरा, बदामाचं थंड सूप. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया, कोपऱ्यावरच्या बारमध्येही असतं. तुम्हाला दोनदा मिळालेला वरणभात बरा होता की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

घोरणाऱ्यांबद्दल काय बोलू? कानात बोळे. ढेकणांबद्दल मात्र गंभीरपणे: सॅक कधीही खाटेवर ठेवू नका आणि झोपण्याआधी गादीची शिवण उचकटून बघा.

आजीच्या काळातला सल्ला. २८ एप्रिल २०२५, सोमवार. आम्ही बुर्गोस शहराच्या पुढे, झाड सापडणार नाही अशा पठारावरच्या एका लहान गावात बारमध्ये बसलो होतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास कॉफीचं यंत्र बंद पडलं. मालकीण फ्यूज बघायला गेली, आणि परत येऊन म्हणाली की शेजारीही वीज गेली आहे. मग कळलं की गावातच नाही. थोड्या वेळाने फोनचं नेटवर्कही गेलं. एक आजोबा घरून बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर घेऊन आले, टेबलावर ठेवला, आणि अर्धं गाव त्याच्याभोवती जमलं. बेटं सोडली तर जवळजवळ अख्ख्या स्पेनची आणि पोर्तुगालची वीज गेली होती. रेल्वे जिथल्या तिथे उभ्या होत्या, माद्रिदमध्ये लोक घरी चालत निघाले होते. लोडशेडिंगवर वाढलेल्या आम्हा दोघींना त्यात फार काही वाटलं नाही, पण आजूबाजूचे युरोपीय चेहरे बघण्यासारखे होते.

कार्डाचं यंत्र बंद, एटीएम बंद. मालकीण वहीत पेन्सिलीने हिशेब करत होती आणि सुटे पैसे मागत होती. आमच्याजवळ नोटा होत्या म्हणून जेवलो, आणि फोनवरच सगळे पैसे घेऊन फिरणाऱ्या एका जर्मन मुलालाही जेवू घातलं. पुढच्या एका गावात भेटून त्याने ते परत केले. अल्बेर्गेत गॅसवर पास्ता झाला, हेडटॉर्चच्या उजेडात वाढला, दिवे रात्री उशिरा आले. तेव्हा काका, एकूण शंभर युरो, लहान नोटांत, सॅकच्या तळाशी ठेवा, हा सल्ला मी पुन्हा देते आहे. आजीला कळत होतं.

चोरीबद्दल थोडक्यात. बार्सिलोनाच्या मेट्रोत दार बंद होण्याच्या क्षणी मैत्रिणीच्या हातातला फोन हिसकावला गेला. निष्काळजीपणा म्हणायचा तर नकाशा बघायला फोन हातात धरणं हाच निष्काळजीपणा. तुम्हाला तो बघावा लागला नाही, कारण पुढे छत्री धरून कुणीतरी चालत होतं. विम्याच्या दाव्यासाठी पोलिसांकडची लेखी तक्रार लागते. ती लगेच नोंदवा आणि तिची प्रत घ्या. पासपोर्ट आणि फोन एका खिशात ठेवू नका.

तुमच्या एका मुद्द्यावर मी अडखळले, आणि तो तुम्ही जाता जाता लिहिलाय: ‘लोकांना नको असताना जायचं कशाला?’ २०२४ च्या जुलैत बार्सिलोनात मोर्चातल्या लोकांनी रस्त्यावरच्या टेबलांवर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, त्याबद्दल हे आहे. त्या वर्षी स्पेनमध्ये सुमारे ९ कोटी ४० लाख परदेशी पर्यटक आले. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत. शहरातली घरं पर्यटकांना भाड्याने जातात आणि तिथल्या पोरांना परवडणारं घर मिळत नाही, हा त्यांचा राग. पर्यटकांच्या फ्लॅट्सचे परवाने २०२८ पर्यंत बंद करायचं बार्सिलोनाच्या पालिकेने जाहीर केलंय. त्या गर्दीत तुमची बस आहे आणि माझी सॅकही आहे. पण पठारावरच्या ओसाड होत चाललेल्या गावांत बार आणि दुकान टिकून आहे ते बऱ्याच अंशी चालणाऱ्यांमुळे. म्हणून कुणी विचारलं तर मी बार्सिलोनात दोन रात्री कमी करा आणि त्या अशा एखाद्या गावाला द्या असं सांगते.

एवढं सगळं सुनावून झाल्यावर शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंत, की ‘चौसष्टाव्या वर्षी, गुडघा जरा कुरकुरत असताना, आम्हा दोघांना यातलं काही जमेल का?’

जमेल. सारिया या गावापासून सुरू करा. तिथून सांतियागो साधारण ११५ किलोमीटर. यात्रा पुरी केल्याच्या प्रशस्तिपत्रासाठी शेवटचे १०० पायी चालले की पुरतात. फक्त या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के घ्यायचे. रोज पंधरा किलोमीटरच्या आत ठेवा. सामान पाठीवर घ्यायची गरज नाही, स्पेनचं टपाल खातंच थोड्या युरोंत सॅक पुढच्या मुक्कामी पोचवतं. डॉर्म नको असेल तर लहान गावांतही दोघांची खोली मिळते, ती मात्र आधी ठरवा. मे किंवा सप्टेंबर गाठा. सांतियागोच्या गालिसिया प्रांतात पाऊस कधीही येतो, पोंचो, म्हणजे डोक्यावरून घ्यायचा सैल रेनकोट, हवा. बूट इथूनच घ्या आणि निदान दोन महिने घालून फिरा. व्हिसासाठी ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा लागेल, तो तुम्हाला मागच्या वेळी कंपनीने काढून दिला असेल. आणि काकू अंडं खात नसतील तर कळवा, त्या वाटेवर कुठे काय मिळतं त्याची यादी मी गावाप्रमाणे करून पाठवते.