आधी पास व्हा, मग जगाचे बघा?

आज सकाळी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीची मुले-मुली एप्रन घालून पायऱ्यांवर उभी आहेत आणि युद्धातही रुग्णालयांवर हल्ले करू नका, एवढीच मागणी त्यांच्या हातांतील फलकांवर आहे. त्याखाली आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लिहिले, ‘आधी पास व्हा, मग जगाचे बघा.’ त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा आणि अंगठ्यांचा खच पडला. ओपीडी संपेपर्यंत राग शांत होईल असे वाटले होते, पण तो झाला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मुळात त्या मुलांनी मागितले काय? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 3 मे 2016 रोजी ठराव क्रमांक 2286 एकमताने संमत करून जे मान्य केले आहे, तेच. जगातल्या बलाढ्य राष्ट्रांनी हात वर करून कबूल केलेली गोष्ट पाळा, असे उद्याच्या डॉक्टरांनी आणि नर्सनी म्हणावे, यात आगाऊपणा कोठे आला हे मला खरोखरच समजत नाही.

माझ्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सांगते. सर्जरीची पोस्टिंग होती. पोटदुखीसाठी दाखल झालेल्या एका बाईंच्या खाटेभोवती आमची अख्खी तुकडी उभी होती आणि सर आम्हाला एकेक करून पोट तपासायला लावत होते. पडद्याची चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कारण तिचे एक चाक अडकत असे आणि ती ओढण्याचा त्रास कोणी घेत नसे. बाईंनी चादरीची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली होती आणि त्या छताकडे पाहत होत्या. चार-पाच हात फिरून झाल्यावर एरवी कधी तोंड न उघडणाऱ्या आमच्या एका वर्गमैत्रिणीने विचारले, ‘सर, त्यांना विचारलंय का?’ सर म्हणाले, ‘इथं दाखल झाल्या म्हणजे परवानगी आलीच.’ तेव्हा ती स्वतःच खाली वाकली आणि म्हणाली, ‘मावशी, आम्ही शिकणारी मुलं आहोत. तुम्हाला तपासलं तर चालेल का?’ बाई म्हणाल्या, ‘नको आता.’ एवढेच. सरांचा चेहरा उतरला आणि आम्ही पुढच्या खाटेकडे सरकलो.

(हे तिला विचारूनच लिहिते आहे. नाव मात्र देऊ नकोस, असे तिने बजावले आहे.)

महिन्याच्या अखेरीस तिच्या अंतर्गत मूल्यमापनात वर्तनाच्या रकान्यात ‘उद्धट’ असा शेरा पडला. ज्यांनी विचारले नाही, त्या आम्हा सर्वांचे वर्तन समाधानकारक ठरले. ‘आधी पास व्हा’ या सल्ल्याचा खरा अर्थ मला त्या रकान्यात दिसतो. विद्यार्थी असताना गप्प बसण्याचे गुण मिळतात, आणि पुढे तीच सवय पदवीसोबत घरी येते. पास झाल्यावर बोलू म्हणणारी माणसे पास झाल्यावर पदव्युत्तर प्रवेशासाठी थांबतात, मग नोकरीत कायम होण्यासाठी, मग बढतीसाठी.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको हा तेथील नाताळ विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत होता. त्याने 1968 साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला आणि 1972 मध्ये त्याला विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. म्हणजे तो ‘पास’ झाला नाही. 1977 च्या सप्टेंबरमध्ये कोठडीत डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत त्याला ज्यांनी तपासले, ते मात्र रीतसर पास झालेले डॉक्टर होते. मेंदूला इजा झाल्याची चिन्हे त्यांच्यासमोर होती, पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात रक्त होते, आणि तरीही पोलिसांच्या मर्जीपुढे मान तुकवून त्यांनी त्याला हजार किलोमीटरहून दूर प्रिटोरियाला नेऊ दिले. गाडीत, विवस्त्र, बेड्या घातलेल्या अवस्थेत. 12 सप्टेंबरला तो गेला. तेथील वैद्यकीय परिषदेला या डॉक्टरांवर कारवाई करायला 1985 उजाडावे लागले, तेही न्यायालयाने कान उपटल्यानंतर. त्या डॉक्टरांना पाठ्यपुस्तकातले काय ठाऊक नव्हते? सगळे ठाऊक होते. ‘याला रुग्णालयात ठेवलेच पाहिजे’ हे एक वाक्य पोलिसांसमोर ठामपणे उच्चारण्याची सवय मात्र त्यांना कोणत्याही वॉर्डात लागलेली नव्हती.

म्युनिकमध्ये नाझी राजवटीविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या ‘व्हाइट रोझ’ गटातील हान्स शोल, ख्रिस्टोफ प्रोब्स्ट, अलेक्झांडर श्मोरेल आणि विली ग्राफ हे चौघेही वैद्यकीय विद्यार्थी होते, आणि चौघांनाही 1943 साली देहदंड झाला. त्याच काळात छळछावण्यांमध्ये माणसांवर प्रयोग करणाऱ्यांवर पुढे न्यूरेंबर्गला खटला चालला, तेव्हा 23 आरोपींपैकी 20 जण डॉक्टर होते, त्यांत काही नामवंत. आज संशोधनापूर्वी घ्यायच्या संमतीचा जो पहिला नियम आपण तोंडपाठ म्हणतो, तो 1947 च्या त्या निकालातून आला आहे. हे शिकवताना आपण तारीख सांगतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो.

आता कोणी म्हणेल की ही फार मोठी उदाहरणे झाली, फलक धरणाऱ्या मुलांची तुलना हुतात्म्यांशी कशाला. ठीक आहे, लहान उदाहरण घ्या. 2001 साली अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे स्टॅव्युडिन या एचआयव्हीवरील औषधाचे पेटंट होते आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांना ते परवडत नव्हते. एमएसएफ (‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’) या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने विद्यापीठाला पत्र लिहिले. विद्यार्थ्यांनी तो विषय लावून धरला आणि ज्यांच्या संशोधनातून ते औषध आले, ते प्राध्यापक विल्यम प्रुसॉफ स्वतः त्यांच्या बाजूने उभे राहिले. काही आठवड्यांतच ते औषध विकणाऱ्या कंपनीने किंमत उतरवली आणि दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा आग्रह धरणार नसल्याचे जाहीर केले. विद्यापीठात लागलेला शोध गरिबाच्या औषधापर्यंत पोहोचलाच पाहिजे, असा तगादा लावणारी विद्यार्थ्यांची संघटना त्यातूनच उभी राहिली आणि आजही काम करते. त्या मुलांपैकी कोणी परीक्षा बुडवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हेही मान्य करते की सगळेच फलक प्रामाणिक नसतात. काहींना फोटो हवा असतो, काहींना अर्जात लिहायला एक ओळ हवी असते. ‘जागतिक आरोग्य’ या नावाखाली गरीब देशांत दोन आठवडे जाऊन, स्वतःच्या देशात ज्यांना हात लावू दिला नसता त्या प्रक्रिया तेथील रुग्णांवर करून येणारे विद्यार्थीही आहेत, आणि ती तर उघडउघड दुसऱ्याच्या हक्कांची पायमल्ली आहे. पण त्यावर उपाय मुलांना घरी बसवणे हा नव्हे. त्यांना चांगले शिकवा. शिकवणारे आपणच आहोत ना?

आणि शिकण्याचेच बोलायचे तर त्या दिवशी पुढे काय झाले तेही सांगते. पुढच्या खाटेवरच्या आजोबांना मैत्रिणीने तोच प्रश्न विचारला. आजोबा म्हणाले, ‘तपासा की, पण इथं उजवीकडं हळू, तिथं फार दुखतंय.’ पोट तपासताना दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करावी आणि तिथे शेवटी जावे, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. दुखरी जागा कोणती हे माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही, हे त्या खाटेशी कळले. संमती विचारत बसलो तर शिकणार कसे, असे जे नेहमी सुनावले जाते, त्याला माझ्याकडे आजोबांपेक्षा चांगले उत्तर नाही. अमेरिकेत भूल दिलेल्या स्त्रियांची विद्यार्थ्यांकडून न विचारता अंतर्गत तपासणी होत असे. त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत वैद्यकीय विद्यार्थीही होते, आणि अशा तपासण्यांसाठी लेखी संमती घ्यावी, हे तेथील सरकारला एप्रिल 2024 मध्ये रुग्णालयांना बजावून सांगावे लागले. 2024!

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांनी रात्री-अपरात्री किती रुग्ण वाचवले आहेत हे मी पाहिले आहे, आणि विद्यार्थ्यांवर अभ्यासाचे किती ओझे असते याची त्यांची काळजीही खरी असावी. कच्चा डॉक्टर नुसता मनाने चांगला असून भागत नाही, हेही खरेच. पण आरोग्य हा हक्क आहे हे 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या कलम 25 मध्ये वाचायचे, पेपरात दोन गुणांसाठी लिहायचे आणि पायऱ्यांवर उभे राहून म्हटले तर मात्र तो वेळेचा अपव्यय, हे कसे काय?

तुमच्यापैकी अनेक जण आज युनिट चालवतात, मूल्यमापनाचे रकाने भरतात. या आठवड्याच्या राउंडला एवढे करा. तुमच्याकडची पडद्याची चौकट दुरुस्त करून घ्या, आणि तपासणीआधी रुग्णाला कोण विचारणार, हे खाटेजवळ पोहोचण्यापूर्वीच विद्यार्थ्यांमध्ये ठरवून द्या. कोणी ‘नको’ म्हणाले, तर काय केलेत तेही इथे लिहा. मला वाचायचे आहे.