फ्रान्समध्ये उपचार फुकट? आधी बिल बघा

इथल्या एखाद्या बड्या हॉस्पिटलच्या लाखोंच्या बिलाची बातमी आली की तो मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: फ्रान्समध्ये उपचार पूर्ण फुकट, सगळे डॉक्टर सरकारी पगारावर, पेशंटकडून वर एक युरो घेतला तरी गुन्हा, म्हणूनच डब्ल्यूएचओने त्यांना जगात पहिला नंबर दिला. आपल्या हॉस्पिटलांवरचा राग रास्त आहे. तो काढण्यासाठी फ्रान्सबद्दल थापा मारायची मात्र गरज नाही.

पहिल्या नंबरचं आधी उरकून टाकू. ती क्रमवारी 2000 सालच्या अहवालातली. तिच्या पद्धतीवर तेव्हाच भरपूर टीका झाली आणि डब्ल्यूएचओने तशी क्रमवारी पुन्हा कधी काढली नाही. पाव शतकापूर्वीचं प्रगतिपुस्तक आहे ते.

आता ‘फुकट’. फॅमिली डॉक्टरची तपासणी फी डिसेंबर 2024 पासून 30 युरो आहे. बरेच पेशंट ती तिथेच, कार्ड घासून भरतात. मग सरकारी आरोग्य विम्याकडून 70 टक्के, म्हणजे 21 युरो परत मिळायला हवेत. प्रत्यक्षात खात्यात 19 जमा होतात, कारण दर तपासणीमागे 2 युरो पेशंटने सोसायचेच असा नियम आहे. उरलेले 9 युरो ‘म्युत्युएल’ म्हणजे पूरक विमा देतो, आणि त्याचा हप्ता वेगळा. औषधाच्या दर खोक्यामागे आणखी 1 युरो कापला जातो. या दोन्ही कपातींना वर्षाला प्रत्येकी 50 युरोंची मर्यादा आहे. स्वतःचा फॅमिली डॉक्टर नोंदवला नसेल, तर 70 चे थेट 30 टक्के होतात. शिवाय या सगळ्याचा पैसा आभाळातून पडत नाही: पगारामागे मालक 13 टक्क्यांपर्यंत आरोग्य वर्गणी भरतो आणि नोकरदाराच्या पगारातून 9.2 टक्के सामाजिक कर जातो.

तरीही ही व्यवस्था भक्कम आहे, हे कबूल करायलाच हवं. कॅन्सर, मधुमेह अशा दीर्घ आजारांत त्या आजाराच्या उपचाराचा ठरलेला दर शंभर टक्के परत मिळतो. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा दहा टक्क्यांच्या आत आहे. आपल्याकडे 2021-22 च्या सरकारी हिशेबातही तो 39 टक्के होता. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

‘सगळे डॉक्टर पगारी’ हे तर उलटं आहे. सरकारी हॉस्पिटलातले डॉक्टर पगारी, हे खरं. पण गल्लीतला फॅमिली डॉक्टर, शहरातला त्वचारोगतज्ज्ञ हे बहुतांशी स्वतःचा दवाखाना चालवतात आणि दर तपासणीमागे फी घेतात. 1927 मध्येच तिथल्या डॉक्टर संघटनांनी जाहीरनामा काढून तत्त्वं मांडली होती: डॉक्टर निवडायचं स्वातंत्र्य पेशंटला, औषधं लिहायचं डॉक्टरला, आणि फीचा व्यवहार दोघांच्यात. सामाजिक सुरक्षा, म्हणजे सरकारी विम्याची व्यवस्था, आली 1945 मध्ये, पण हा हट्ट डॉक्टरांनी सोडला नाही. कमाई? 2017 च्या सरकारी आकड्यांत खासगी प्रॅक्टिस करणाऱ्यांची वर्षाची सरासरी सुमारे 1 लाख 20 हजार युरो होती, जनरल प्रॅक्टिशनरची सुमारे 92 हजार. म्हणजे उपाशी कुणीच नाही, पण सगळे एका पंगतीतही नाहीत.

खरी गंमत ‘वर पैसे घेणं गुन्हा’ या वाक्यात आहे. गुन्हा कसला, सरकारनेच ती वाट काढून दिली! 1971 पासून डॉक्टर आणि विमा यांच्यात देशपातळीवर दर ठरत. हे दर वाढवायचे तर तिजोरीवर भार. म्हणून 1980 मध्ये ‘सेक्टर 2’ काढला: तुम्हाला जास्त हवेत तर पेशंटकडून घ्या, आम्ही ठरल्या दरावरच परतावा देऊ. बदल्यात सेक्टर 1 च्या, म्हणजे ठरल्या दरातच काम करणाऱ्या डॉक्टरांच्या सामाजिक वर्गणीचा मोठा भाग विमा भरतो, ती सवलत सोडायची. तिजोरी वाचली, बिल पेशंटच्या दारात गेलं. डॉक्टरांची एवढी रीघ लागली की 1990 मध्ये दार अर्धवट लावावं लागलं. मोठ्या हॉस्पिटलात ठराविक पदांवर काम केलेल्यांनाच ते उघडं राहिलं. फॅमिली डॉक्टर आज जवळजवळ सगळे सेक्टर 1 मध्ये आहेत, तर स्पेशालिस्टांपैकी निम्म्याहून जास्त सेक्टर 2 मध्ये.

पॅरिसमधल्या सेक्टर 2 च्या स्पेशालिस्टने 80 युरो घेतले असं समजू. जादा फीवर मर्यादा ठेवण्याचा करार त्याने केलेला नसेल, तर विमा हिशेबाला धरतो फक्त 23 युरो. त्याचे 70 टक्के, वजा 2, हातात येतात 14 युरो 10 सेंट. पूरक विम्याने नियमात बसेल तेवढं सगळं दिलं तरी 36 युरो खिशातूनच जातात. साधी पॉलिसी असेल तर त्याहून जास्त. आणि दीर्घ आजाराचं ते ‘शंभर टक्के’ ठरलेल्या दराचं असतं, या जादा रकमेचं नाही.

बंधनं आहेत. फीचे दर वेटिंग रूममध्ये लावावे लागतात, 70 युरो किंवा जास्त होणार असतील तर आधी लेखी सांगावं लागतं, आणि गरिबांसाठीचा पूरक विमा असलेल्यांकडून जादा फी घेता येत नाही. बाकीच्यांसाठी कायद्यात कमाल आकडा नाही. फी ‘तारतम्याने आणि माफक’ घ्यावी, एवढंच. माझ्या मते हेच तिथलं सर्वांत मोठं भोक, आणि मेसेज नेमका त्यावरच पांघरूण घालतो.

मुलंमुली शिकायला तिकडे जाणार असतील त्या घरांनी तरी तो बाजूला ठेवावा. विद्यार्थ्यांची सरकारी विम्यात नोंदणी मोफत होते, पण पूरक विमा स्वतः घ्यावा लागतो. स्पेशालिस्टची वेळ घेताना सेक्टर 1 की 2, हे आधी विचारा. दवाखाना सांगतो, विम्याच्या वेबसाइटवरही दिसतं.