गोळी, केळं आणि कूलर

'बेडरूम कॉमेडी' म्हणून जाहिरात केलेला सिनेमा सव्वादोन तास चालतो. त्यात बेडरूम वीस मिनिटं, कॉमेडी चार. उरलेल्या वेळात आता हसायचं का, एवढंच प्रेक्षक एकमेकांकडे बघून ठरवत असतात. दिग्दर्शकालाही ते ठाऊक असावं, कारण प्रत्येक विनोदामागून 'टॉइंऽऽग' असा आवाज येतो. वांग्याच्या भरितावर 'हे भरीत आहे' अशी चिठ्ठी चिकटवावी तसा.

नवरा-बायकोचं जमत नाही, हा विषय वाईट नाही. उलट, एवढा टिकाऊ माल दुसरा नाही. पण हे जोडपं विजोड आहे हे कळतं कशावरून? तो चष्मा लावतो, ती लाल नाइटी घालते. झालं विजोड! सव्वादोन तासांत दोघं एकाही ठोस गोष्टीवरून भांडत नाहीत. आपल्या खान्देशात विजोडपण इतकं गुळमुळीत नसतं. रावेर-यावलकडची लेवा बोली बोलणारी पोरगी धुळ्याच्या अहिराणी घरात दिली, की पहिल्या आठवड्यात निम्मं घर तिचं बोलणं ऐकायला ओट्यावर येतं. त्याला खिचडीवर कच्चं शेंगदाण्याचं तेल लागतं, तिला तूप. त्याच्या शेवभाजीला तर्री नसेल तर ताट सरकतं, तिला त्याच तर्रीने ठसका लागतो. रात्रीच्या खोलीत जे बिनसतं त्याची सुरुवात सकाळी असल्याच एखाद्या वाटीपासून होते. ती वाटी न दाखवता एकदम खोली दाखवली, की नुसती खोलीच दिसते.

मग येते गोळी. या जातीच्या सिनेमात ती असतेच. नवऱ्यासाठी दुधात कालवायची, आणि ते दूध आजोबांनी प्यायचं. आजोबा पाचव्या मिनिटाला लुंगी सावरत नाचायला लागतात. लिहिणाऱ्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला एकदा विचारायला हवं होतं. सिल्डेनाफिल, म्हणजे या व्हायग्राच्या गोळीतलं औषध, साधारण अर्ध्या ते एक तासात लागू पडतं, आणि मनात काही नसेल तर काहीच करत नाही. आजोबांच्या मनात त्या वेळी फक्त कपाशीचा भाव होता. वर पोट तुपा-तेलाने भरलेलं असलं तर परिणाम आणखी तासभर लांबतो. म्हणजे लग्नघरचं जेवण करून आजोबा ते दूध प्यायले असते, तर नाच मध्यंतरानंतर आला असता. शिवाय आजोबांची छातीदुखीवरची नायट्रेटची गोळी चालू असेल, तर दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो आणि कॉमेडीची वरात थेट दवाखान्यात जाते. मुळात हे औषध छातीदुखीवर म्हणूनच तपासत होते. हा दुसराच गुण हाती लागला आणि १९९८ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. या खऱ्या गोष्टीत सिनेमातल्या दुधापेक्षा जास्त विनोद आहे, पण ती कोणी उचलली नाही.

द्वयर्थी संवादांचं तर विचारू नका. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या बोलतो त्याचा पहिला अर्थ स्वच्छ, पूर्ण, देवळात म्हणावा असा असतो. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो आणि पाप त्याच्याच माथी जातं. दादा कोंडक्यांचे लागोपाठ नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले, गिनीजमध्ये नोंद झाली, ती या हिशेबावर. पहिला अर्थ इतका सोवळा, की कात्री लावायची कुठे? इथे मात्र नट दुसरा अर्थ आधी सांगतो, मग डोळा मारतो. पहिला अर्थ नाहीच.

केळ्याचा प्रसंग घ्या. बायको डोळे मिचकावत केळं सोलते, नवऱ्याला घाम फुटतो, आणि पडद्यावरची चार माणसं तोंडावर हात ठेवतात. हा विनोद पुण्या-मुंबईत चालला तर चालो. रावेर-सावद्याच्या, म्हणजे केळीच्या बागांतच वाढलेल्या प्रेक्षकाला केळं दाखवून हसवायचं म्हणजे सोनाराला चमचा दाखवण्यासारखं आहे. तो केळं बघतो आणि मनात म्हणतो, फणी चेंबरमधली दिसते. सोळा-अठरा अंशांत सावकाश पिकवली, की असा एकसारखा पिवळा रंग येतो. देठ अजून हिरवा आहे, म्हणजे आणखी दोन दिवस निघतील. नवऱ्याच्या घामाकडे लक्ष जाईपर्यंत हा प्रेक्षक व्यापाऱ्याने क्विंटलमागे काय कापलं असेल, त्या हिशेबात शिरलेला असतो.

घटस्फोटही असाच उरकला. पार्टीत केकच्या टेबलावर वकील कागद ठेवतो, दोघं सह्या करतात, बॅग भरली. अहो, हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात परस्परसंमतीचं कलम १३-ब १९७६ साली आलं, आणि ते कलम म्हणजे तयार पटकथा आहे. आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबून पुन्हा कोर्टात यायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटलं, पण ते कोर्टाने मानलं तर. विजोड जोडपं तारखेला एकाच एस.टी.ने येतंय, मागच्या-पुढच्या सीटवर बसतंय, कोर्टासमोर एकच चहा अर्धा-अर्धा पितंय, कारण सुटे पैसे नाहीत... यात सिनेमा होता की नाही? हातचा सोडला.

माझी मुख्य तक्रार मात्र फ्लॅटबद्दल आहे. या दोघांना तीन हजार चौरस फुटांचा फ्लॅट, बंद दार, एसी. अडचण काय? काहीच नाही. ज्यांना अडवणारंच कोणी नाही त्यांच्यावर हसायचं कसं?

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अख्खं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, गाद्या टाकून ओळीने झोपतं: आबा, माय, काका, काकू, पाच पोरं. फक्त नवं जोडपं म्हणतं, 'आम्ही खालीच झोपतो.' पंचेचाळीस अंशांत! यावर कोणी काही बोलत नाही, हाच पहिला विनोद. खाली खिडकीत लोखंडी कूलर. तिन्ही बाजूंना लाकडाच्या किसाच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी चढवणारी लहानशी मोटर, आणि पंख्याची अशी घरघर की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येत नाही. या जोडप्याचा खरा मित्र तोच. त्याच्या आवाजावर मात करायची म्हणजे दोघांना लाडाचं बोलणंही बाजारात भाव पुकारल्यासारखं बोलावं लागतं. दिग्दर्शकाने फक्त ओळ नीट लावायची: आधी घरघर, मग दोघांचं वाढत गेलेलं मोठं बोलणं, मग वाक्य ऐन मध्यावर असताना लाइट जाणार. कूलर थांबतो. घरघर थांबते. वाक्य थांबत नाही. ते जिन्यावरून वर जाऊन धाब्यावर पसरतं.

क्षणभर सगळं चिडीचूप. इथे 'टॉइंऽऽग' नको. मग वरून आबांचा खोकला, आणि शांतपणे विचारलेला प्रश्न, "लाइट गयी का रे भो?"