पाऊण वजा दोन तृतीयांश

काल नारळाच्या वड्या करायला घेतल्या. मोबाइलवरच्या पाककृतीत साखर पाऊण कप. आमचा पाव कप महिनाभर बेपत्ता, म्हणून एक तृतीयांशाचं माप दोनदा भरून ओतलं. आता पाऊणला कमी किती? एका हातात उलथणं, दुसऱ्या हाताच्या बोटांवर छेद समान करणं चाललेलं, एवढ्यात आत्या आली. तिला चहा हवा होता, पण माणूस बुडताना दिसला की ती काठावर खुर्ची टाकून बसते.

"किती घातलीस?"

"दोन तृतीयांश."

"म्हणजे?"

"कपाचे तीन सारखे भाग केले, तर त्यातले दोन."

"अरे, वड्या करतोयस की जमिनीची वाटणी?"

पाऊण मात्र तिला लगेच कळलं. लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी घोकलेली. तिने तिथेच सुरू केलं, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन… नऊ पाऊण पावणेसातला खोबरं बुडाला लागलं. या पाढ्यांत तिसरा हिस्सा येत नाही, म्हणून तो जगातच नाही, असं तिचं मत. तिचंही खरंच म्हणा. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, तरी भाजीवाली अजून पावशेर मिरची देते, 250 ग्रॅमची. तृतीयशेर मागून बघा!

तोवर माझं उत्तर आलं. नऊ छेद बारा वजा आठ छेद बारा, राहिला कपाचा बारावा भाग. 240 मिलीच्या कपाला 20 मिली, म्हणजे 5 मिलीचे बरोबर चार चमचे! मी चमचा शोधायला वळलो आणि आत्याने डब्यात हात घालून मूठ सोडली.

"झाली पाऊण. शाळेतही तुझं असंच व्हायचं."

शाळेचं काढायची गरज होती का?

मोबाइल बघावा लागतो, कारण आईच्या वहीत लिहिलंय 'साखर नेहमीची वाटी, बोटभर कमी'. बोट कुणाचं ते नाही. नेहमीची वाटी आईनंतर वहिनीकडे गेली. वाटीसाठी काय तोंड उघडायचं, म्हणून मी गप्प बसलो. उघडायला हवं होतं. वाटणी तीच झाली, जमिनीची नव्हे.

वड्या जमल्या. आत्याने साडेचार खाल्ल्या आणि वहिनीला फोन लावला, "साखर मी घातली ना, म्हणून."