साडेचार गुणांच्या पोराचा हिशोब

मार्च आला की अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल बघणाऱ्या आपल्या मंडळींच्या ग्रुपांवर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. थोडक्यात असे: पहिल्या वर्षाचा (फ्रेशमन) गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू हाताळणारा खेळाडू, संघाला वर काढतो तो गुण करूनच. नुसता बचाव करणारा पोरगा मैदानात असला की आक्रमणात तुम्ही चारच. त्यातून तो बुटका असेल तर समोरचा त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकतो. बचाव अंगात मुरायला दोन-तीन वर्षं लागतात, फ्रेशमनकडून ती अपेक्षाच करू नये. आणि मोक्याच्या क्षणी चेंडू अशा पोराच्या हाती गेला की आटोपलं.

यंदा हा मजकूर मला तीन ठिकाणांहून आला. एक तर अशा गृहस्थांकडून, जे मला गेली कित्येक वर्षं कबड्डीतल्या कोपरारक्षकाचं महत्त्व समजावून सांगत आलेत. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर उत्तर लिहूनच टाकावं.

साक्षीदार म्हणून मी दाव्याच्याच बाजूचा वाटेल असा खेळाडू घेतो. किहेई क्लार्क, व्हर्जिनिया विद्यापीठ, हंगाम 2018-19. उंची 5 फूट 9 इंच. कॅलिफोर्नियाचा मुलगा, आधी यूसी डेव्हिस या छोट्या संघाकडे जायचं ठरवून बसलेला. पहिल्या वर्षी त्याची सरासरी सामन्याला 4.5 गुण आणि 2.6 असिस्ट (ज्यावर सोबत्याने थेट गुण केले असे पास). संघ मात्र 35 सामने जिंकला, 3 हरला आणि 8 एप्रिल 2019 रोजी टेक्सास टेकला जादा वेळेत 85-77 असं हरवून व्हर्जिनियाचं पहिलंवहिलं राष्ट्रीय विजेतेपद घेऊन आला.

पण आदल्या वर्षीची जखम माहीत असल्याशिवाय या पोराचं मोल कळत नाही. 16 मार्च 2018, शार्लट, मार्चमधल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेची पहिली फेरी. व्हर्जिनिया पहिल्या म्हणजे सगळ्यांत वरच्या मानांकनाचा, समोर सोळाव्या म्हणजे तळाच्या मानांकनाचा यूएमबीसी. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला तोवर एकदाही हरवलं नव्हतं. मध्यंतराला 21-21, आणि शेवटी 74-54, यूएमबीसीच्या बाजूने. त्या हंगामात व्हर्जिनिया अख्ख्या सामन्याला सरासरी 54 गुण देत होता. त्या रात्री एकट्या उत्तरार्धात 53 दिले. यूएमबीसीच्या जैरस लाइल्स या गार्डने 28 मारले. व्हर्जिनियाचा डिआन्ड्रे हंटर मनगट मोडून बाहेर होता, हे खरं. पण बघणाऱ्याला दोन गोष्टी स्वच्छ दिसल्या. चेंडू घेऊन वेगाने घुसणाऱ्या गार्डच्या पायाला पाय लावून धावणारा कोणी नव्हता, आणि पिछाडीवर पडल्यावर आपल्याकडचा चेंडू शांतपणे हाताळणाराही कमी पडत होता.

पुढच्या हंगामात आला क्लार्क. मग काय, बचाव सुधारला? इथेच दावा करणारे आणि त्यांना घाईने उत्तर देणारे, दोघेही चुकतात. आकडे बघा. 2017-18 मध्ये संघ सामन्याला सुमारे 67 गुण करायचा आणि 54 द्यायचा. 2018-19 मध्ये सुमारे 71 केले आणि 56 दिले. म्हणजे बचावासाठी नावाजलेलं पोर आलं त्या वर्षी बचाव किंचित सैल झाला आणि आक्रमण सुधारलं! (बचाव सैल होण्याचं एक कारण उघड आहे. व्हर्जिनियाच्या लीगचा आदल्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू आयझाया विल्किन्स शिकून बाहेर पडला होता.)

हे झालं कसं? टाय जेरोम आणि काइल गाय (आडनाव असंच आहे, हसू नका) हे दोघे व्हर्जिनियाचे नेमबाज. चेंडू वर आणायचा, समोरच्या चपळ गार्डचा पाठलाग करायचा, आणि मग दमलेल्या पायांनी थ्री (लांबून तीन गुणांचा फटका) मारायचा, अशी तिहेरी हमाली नेमबाजाला करावी लागली की फटका आखूड पडतो. बास्केटबॉलमध्ये नेम हातापेक्षा पायांत असतो. क्लार्कने त्यातली दोन ओझी उचलली. चेंडू तो आणायचा, समोरच्या चेंडूवाल्याला तो धरायचा. जेरोम आणि गाय स्क्रीनच्या (बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सोबत्याच्या) आडून मोकळे पळायला रिकामे. त्यांच्या खात्यात पडलेल्या गुणांत क्लार्कचा वाटा किती, हे स्कोअरशीट सांगत नाही, कारण तिच्यात तसा रकानाच नाही.

अर्थात सगळं श्रेय त्याला देणं हाही अडाणीपणाच. हंटर परत आला, इतका भारी खेळला की प्रशिक्षकांच्या संघटनेने त्याला देशातला सर्वोत्तम बचावपटू ठरवलं, आणि अंतिम सामन्यात त्याने 27 गुण केले. व्हर्जिनियाचाच मामादी डियाकिटे एका वर्षाने पिकला होता. क्लार्क हा त्या घराचा खांब नव्हता. दार होता म्हणा.

बचावातलं त्याचं काम कळायला घड्याळाकडे बघावं लागतं. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एका ताब्यात फटका मारायला 30 सेकंद मिळतात आणि चेंडू अर्धरेषेपलीकडे न्यायला 10. क्लार्क समोरच्याला त्याच्याच बास्केटखालून गाठायचा. चेंडू हिसकावायचा नाहीच बहुधा, फक्त वळायला लावायचा, पुन्हा वळायला लावायचा. अर्धरेषा ओलांडेपर्यंत आठ सेकंद गेले, मांडणी लावण्यात आणखी चार-पाच गेले, म्हणजे खऱ्या आक्रमणाला उरले सतरा-अठरा. आणि व्हर्जिनिया त्या वर्षी देशातला सगळ्यांत संथ संघ होता. सामन्यात ताबेच साठच्या आसपास. जिथे डावच थोडे, तिथे प्रत्येक नासलेला डाव महाग पडतो.

माझ्या त्या कबड्डीवाल्या स्नेह्यांना हे वेगळं सांगायला नको. चढाईपटू हात हलवत परत गेला तर बचाव करणाऱ्यांच्या नावावर काही लागत नाही. पण अशा दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘करो या मरो’ होते, आणि त्या घाईत पकड होते. त्या पकडीचा गुण एकाच्या नावावर चढतो. आधीच्या दोन रिकाम्या चढायांचा कोणाच्याच नाही.

उंचीचा मुद्दा. सुट्या मैदानात एकास एक खेळायचं असेल तर 5 फूट 9 इंच हा दोष आहे, वाद नाही. पण तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांचा व्हर्जिनिया तसा खेळतच नव्हता. त्यांच्या वडिलांनी, डिक बेनेट यांनी, बसवलेली ‘पॅक लाइन’ ही पद्धत अशी की चेंडूवाल्यावर एकाने तुटून पडायचं आणि बाकी चौघांनी बास्केटपासून सुमारे 16 फुटांवरच्या काल्पनिक रेषेच्या आत दाटीने उभं राहायचं. म्हणजे छोट्या कुत्र्याने भुंकत राहायचं, वाडा मागे बंदच. अशा रचनेत पुढच्या माणसाला उंचीपेक्षा पाय आणि चिकाटी लागते. याच हंगामात क्लार्कचं डावं मनगट मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि पठ्ठ्या हात बांधून खेळला.

तरी पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्‌सने उपांत्यपूर्व सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध 42 गुण ठोकले, दहा थ्री मारले. क्लार्क काय, कोणीच त्याला आवरू शकलं नाही. काही रात्री समोरच्याच्या असतात.

‘आक्रमणात चारच’ हा दाव्यातला सगळ्यांत मजबूत मुद्दा, आणि तो मी अर्धा मान्य करतो. पुरावा त्याच वर्षीचा, त्याच लीगमधला, पहिल्याच वर्षाचा दुसरा बचावपटू गार्ड: ड्यूकचा ट्रे जोन्स. त्याचा लांबचा फटका कच्चा होता आणि प्रतिस्पर्ध्यांनी ते हेरलं. दुसऱ्या फेरीत यूसीएफने त्याला बाहेर सरळ मोकळा सोडला आणि त्यांचा 7 फूट 6 इंची टॅको फॉल आत ठाण मांडून बसला. झायन विल्यमसन, आर. जे. बॅरेट अशी फौज असलेला ड्यूक 77-76 असा जेमतेम वाचला. म्हणजे जो मुळीच फटका मारत नाही त्याची किंमत मोजावी लागते, हे खरं. पण पुढच्याच सामन्यात व्हर्जिनिया टेकविरुद्ध याच जोन्सने 22 गुण केले, पाच थ्री मारले, आणि ड्यूक 75-73 असा सुटला. क्लार्कचंही तसंच. ओरेगनने त्याला मोकळं सोडलं. त्याने 12 गुण केले, 6 असिस्ट दिले, आणि व्हर्जिनियाने तो दगडफोड सामना 53-49 असा काढला. दररोज वीस गुण लागत नाहीत. मोकळं सोडल्याची शिक्षा अधूनमधून देता आली तरी भागतं.

जोन्स नसल्यावर काय होतं, हेही त्या वर्षी दिसलं. 14 जानेवारी 2019 रोजी घरच्या मैदानावर सिराक्यूजविरुद्ध ड्यूकने झकास सुरुवात केली होती, तेवढ्यात काही मिनिटांतच जोन्सचा खांदा दुखावला आणि तो बाहेर गेला. झायनचे 35 गुण होऊनही देशातला पहिल्या क्रमांकाचा ड्यूक जादा वेळेत 95-91 असा हरला. ड्यूकचा कॅम रेडिश आजारी होता आणि संघाने थ्री चुकवण्याचा सपाटा लावला होता, हे जोडायलाच हवं. आणि कोणी म्हणण्याआधी मीच सांगतो: पाचच दिवसांनी जोन्सशिवाय खेळणाऱ्या ड्यूकने क्लार्कच्या व्हर्जिनियाला 72-70 असं हरवलं. एका सामन्यावरून सिद्धांत मांडणाऱ्यांनी, मीसुद्धा, हे दोन सामने शेजारी ठेवून बघावेत.

बचाव मुरायला वर्षं लागतात म्हणे. संघबचाव मुरायला लागतात, मान्य. चेंडूवर तुटून पडणारे पाय मात्र मुलगा घरूनच घेऊन येतो. ओहायो स्टेटचा एरन क्राफ्ट 2010-11 मध्ये पहिल्या वर्षी बाकावरून उठून यायचा, सरासरी सातच्या आसपास गुण करायचा, आणि तरी बिग टेन लीगच्या बचाव संघात निवडला गेला. आदल्या वर्षीचा तारा इव्हान टर्नर एनबीएत गेलेला असूनही संघाने सलग 24 सामने जिंकून हंगाम सुरू केला. (जॅरेड सलिंजरसारखा फ्रेशमनही त्याच संघात होता, तो विसरून चालणार नाही.)

राहता राहिला मोक्याचा क्षण. 30 मार्च 2019, तोच पर्ड्यूचा सामना. आपल्याकडे रविवारची सकाळ, माझा चहा निवून गेलेला. व्हर्जिनिया 67-70 असा मागे, 5.9 सेकंद उरलेले, जेरोमचे दोन फ्री थ्रो. पहिला आत, दुसरा चुकला. डियाकिटेने उडी मारून चेंडू मागे टोलवला तो थेट आपल्या अर्ध्यात घरंगळत गेला. त्याच्यामागे धावला क्लार्क. जेरोम हात वर करून चेंडू मागतोय, घड्याळ पळतंय, अर्धरेषेजवळून अंधारात गोळी मारण्याचा मोह कोणालाही झाला असता. क्लार्कने मान वर केली, बास्केटजवळच्या डियाकिटेला पाहिलं आणि सुमारे चाळीस फुटांचा सरळ पास दिला. डियाकिटेच्या हातून चेंडू सुटला आणि भोंगा वाजला. 70-70. जादा वेळेत व्हर्जिनिया 80-75.

नेमकं उलट उदाहरणही याच खेळाडूचं आहे. फर्मनविरुद्ध दोन गुणांची आघाडी, शेवटचे काही सेकंद, कोपऱ्यात दोघांनी घेरलेल्या क्लार्कने चेंडू आंधळेपणाने लांब भिरकावला. तो फर्मनच्या हाती पडला, त्यांनी थ्री मारला आणि व्हर्जिनिया 68-67 असा पहिल्याच फेरीत घरी गेला. तारीख होती 16 मार्च 2023. तेव्हा क्लार्क फ्रेशमन नव्हता. पाचव्या वर्षाला होता.